लेखणी आणि कानस

गतवर्षी मंडळाच्या गुणगौरव समारंभाचे अर्ज वाटण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे होते. कसबा पेठेत राहणारे एक ज्ञातिबंधू अर्ज हाती घेऊन परत आले आणि मोठ्या संकोचाने म्हणाले, "अहो, ह्यात आमच्या धाकट्याचे नाव कोठे लिहावयाचे?" अर्जात दहावी, बारावी, पदवी आणि पदव्युत्तर पदवी अशा चार ओळी होत्या. धाकटा दहावीस गणित व इंग्रजी या विषयांत दोन वेळा नापास झालेला. पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डरचा वर्ग पुरा करून तो चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाला होता व चाकणच्या बाजूस एका कारखान्यात कामासही लागला होता. त्याच्यासाठी अर्जात ओळ नव्हती. "राहू द्या," असे म्हणून त्या गृहस्थांनी अर्जाची घडी केली व ती खिशात घालून ते जिना उतरून गेले.

अर्ज तयार करणाऱ्यांपैकी मीही एक होतो, म्हणून ती गोष्ट मनास लागून राहिली. पुणे ही विद्येची नगरी असे आपण नेहमी म्हणतो. विद्या म्हटली की महाविद्यालये, ग्रंथालये, व्याख्यानमाला आणि परीक्षांचे निकाल एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु याच नगरीत हाताच्या विद्येचा एक निराळा इतिहास आहे. तो बराच जुना असून सन्माननीयही आहे. आपल्या ज्ञातीतील तरुण मुलामुलींस व त्याहूनही अधिक त्यांच्या आईबापांस तो ठाऊक असावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

सन 1854 च्या जुलै महिन्यात पुण्यात एक शाळा निघाली. तिचे नाव होते 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल'. सरकारास त्या काळी इमारती, धरणे, कालवे, पूल आणि आगगाडीचे रस्ते बांधावयाचे होते आणि त्या कामांवर देखरेख करणारे दुय्यम दर्जाचे अधिकारी हवे होते. विद्वान निर्माण करावे असा ह्या शाळेचा हेतू नव्हता. दगडाची घडाई कशी पारखावी, चुन्याचा गिलावा कसा तपासावा, जमिनीची मोजणी कशी घ्यावी हे ज्यास कळते असा मनुष्य तयार करावयाचा होता. मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 ची, म्हणजे पदवी देणारे विद्यापीठ जन्मास येण्याच्या तीन वर्षे आधी पुण्यात ओव्हरसियर घडविणारी शाळा चालू झालेली होती! पुढे हीच शाळा विद्यापीठाशी जोडली गेली, तीत एल.सी.ई.ची परीक्षा सुरू झाली, आणि 1883 साली विश्वेश्वरय्या येथूनच ती परीक्षा उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. 1880 साली तिचे नाव 'कॉलेज ऑफ सायन्स' झाले, 1911 साली 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग' झाले, आणि 2022 साली तिला विद्यापीठाचा दर्जा लाभला. संस्थेचा हा उत्कर्ष अभिमानास्पदच आहे. पण जसजशी ती वर चढत गेली, तसतसा तिच्या मूळ नावातील 'मेकॅनिकल स्कूल' हा भाग आपण विसरत गेलो. आज तेथे प्रवेश मिळालेल्या मुलाच्या घरी पेढे वाटले जातात. मूळच्या शाळेचे काम आज ज्या संस्था करतात, तेथे प्रवेश मिळालेल्या मुलाच्या घरी मात्र कोणी मेले असावे तशी शांतता असते.

वस्तुतः हाताचे कौशल्य आपल्या समाजात कधीच कमी नव्हते. कसब्यातील तांबट आळीत आजही ठोक्यांचा आवाज ऐकू येतो. परंतु ते कौशल्य जातीच्या आणि घराच्या उंबऱ्याआड राहिले होते. तांबटाचा मुलगा तांबट आणि सुताराचा मुलगा सुतार. बापाजवळ बसून तो शिके. त्याच्या हाती कसब येई, पण अक्षर व हिशेब येत नसे. उलट ज्या घरांत लेखणी होती, त्या घरांतील मुलास खिळा ठोकण्याचीही लाज वाटे. (प्रस्तुत लेखक मॅट्रिकला पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला होता, भिंतीवर तसबीर लावावयाची झाल्यास अजूनही शेजारच्या मुलास हाक मारतो.) अक्षर आणि हात यांची ही फारकत मोडावयाची तर कारागिरीचे शिक्षण घराबाहेर आणून ते कोणाही मुलास खुले करणे अवश्य होते. ते काम शाळेलाच करता येण्यासारखे होते.

ही गोष्ट पुण्यात सर्वांआधी ज्यांनी स्पष्टपणे मांडली त्यांत महात्मा जोतीराव फुले यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. जोतीराव स्वतः लहानपणी शाळा सोडून मळ्यात कामास लागले होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. गफ्फार बेग मुनशी आणि लिजिटसाहेब या दोन शेजाऱ्यांनी वडिलांची समजूत घातली, तेव्हा 1841 साली ते पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. पुढे त्यांनी सरकारी बांधकामांची कंत्राटेही घेतली, त्यामुळे गवंड्याचे काम आणि कारकुनाचे काम ही दोन्ही त्यांनी जवळून पाहिली होती. 1882 साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन सादर केले त्यात प्राथमिक शिक्षणात मोडी, बाळबोध व हिशेब यांच्या जोडीने शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे अशी मागणी होती. शिक्षक कसा असावा हे सांगताना तर त्यांनी असे म्हटले की, प्रसंग पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरावयास ज्यास लाज वाटणार नाही, असा तो असावा. त्या मागणीस सुमारे दीडशे वर्षे होत आली. शिक्षकांचे राहू द्या. आपणां पालकांपैकी किती जण या कसोटीस उतरतील?

न्यायमूर्ती रानडे यांनी 1890 साली पुण्यात औद्योगिक परिषद भरविली आणि देशी उद्योगांच्या वाढीसाठी औद्योगिक शिक्षण हवे हा विचार विद्वानांच्या मंडळीत आणला. न्यू इंग्लिश स्कूलच्या संस्थापकांपैकी महादेव बल्लाळ नामजोशी यांनी या कामी पुष्कळ देह झिजविला. त्याच सुमारास पुण्यात एक औद्योगिक संग्रहालयही उघडले. तेच आज घोले रस्त्यावर महात्मा फुले संग्रहालय म्हणून उभे आहे. परिषदा झाल्या, निबंध वाचले गेले. पण निबंध वाचून कोणाचा मुलगा लेथवर उभा राहत नाही. त्यासाठी एखाद्याने स्वतः हात काळे करून दाखवावे लागतात, आणि तसा मनुष्य पुण्याबाहेरून, बेळगावच्या बाजूने यावयाचा होता.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. त्यांचे शाळेत लक्ष नव्हते. चित्रे काढावी आणि यंत्रे न्याहाळावी हेच दोन छंद. मुलाने इतरांसारखे शिकून चांगली नोकरी धरावी अशी वडिलांची इच्छा होती, आणि त्या काळच्या कोणत्याही बापाची तीच असणार. परंतु थोरले बंधू रामूअण्णा यांनी धाकट्याची बाजू घेतली, खर्चाचा भार उचलला, आणि 1885 च्या सुमारास लक्ष्मणराव मुंबईस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. ज्ञातिबंधूंनो, या ठिकाणी क्षणभर थांबून रामूअण्णांकडे पाहावे. लक्ष्मणरावांचे चरित्र सर्व सांगतात. पण नापास होऊ पाहणाऱ्या भावाच्या मागे वडिलांच्या मर्जीविरुद्ध उभा राहणारा थोरला भाऊ घरात नसता, तर ते चरित्र झालेच नसते.

मुंबईस दैवाने पुन्हा थट्टा केली. सुमारे दोन वर्षे शिकल्यावर असे ध्यानात आले की लक्ष्मणरावांस काही रंग नीट ओळखू येत नाहीत. डोळ्यांतच दोष, चित्रकाराचा मार्ग खुंटला. शाळा सोडली होती, आता कलाही सुटली. अशा प्रसंगी घरी परत येऊन एखाद्या कचेरीत उमेदवारी करणारे हजारो झाले असतील. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यंत्रांची आरेखने काढण्यास रंग लागत नाहीत. तेथे नजर, माप आणि स्थिर हात लागतो. हे यांत्रिक आरेखन त्यांनी मन लावून शिकून घेतले. मुंबईस 1887 साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये दरमहा 45 रुपयांवर आरेखनाचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. शिकवीत असतानाच फावल्या वेळी ते तेथल्या कर्मशाळेत जात, यंत्रे खोलून पाहत, पुन्हा जुळवीत. जी विद्या त्यांस कोणत्याही परीक्षेने दिली नाही, ती अशी संध्याकाळच्या वेळी, तेलाने माखलेल्या हातांनी मिळाली.

1888 साली दोघा भावांनी बेळगावास सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत, रामूअण्णा त्या विकीत आणि घेणाऱ्यास त्यावर बसावयासही शिकवीत. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा ती लक्ष्मणरावांस डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला, बेळगावचा रस्ता धरला, आणि कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर घडविण्यास आरंभ केला. नांगर उत्तम होता, पण घेण्यास कोणी पुढे येईना. लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. मुलाला कारखान्यात घातले की तो बिघडतो, ही आपल्याकडची समजूत त्याच जातीची आहे; फरक एवढाच की शेतकऱ्यांनी आपली समजूत नांगराचे पीक पाहून लवकर टाकून दिली.

बेळगावची कारखान्याची जागा नगरपालिकेच्या योजनेत गेली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ माळरान दिले, आणि भांडवलासाठी कर्जही दिले. निवडुंग आणि नागसाप यांनी भरलेल्या त्या माळावर 1910 साली किर्लोस्करवाडी वसली.

या वाडीच्या इतिहासातील एक गोष्ट मला यंत्रांच्या यशाहूनही मोठी वाटते. लक्ष्मणरावांनी भोवती जी माणसे जमविली, ती कोण होती? अनंतराव फळणीकर यांची शाळा अर्धवट सुटलेली. कारखान्यात ते कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपास आले. के. के. कुलकर्णी परीक्षेत यश न मिळालेले विद्यार्थी. ते कारखान्याच्या वतीने सर्वत्र फिरून पडेल ते काम निभावून नेणारे गृहस्थ झाले. दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेल्या माणसांच्या हाती त्यांनी वाडीच्या रखवालीची कामगिरी दिली, आणि तिचे चीज झाले. जो स्वतः शाळेत रमला नाही आणि रंगांत नापास झाला, त्यास दुसऱ्याच्या नापाशीचे भय वाटले नाही, असा याचा अर्थ मी लावतो. कोणी म्हणेल की त्या काळी शिकलेली माणसे मिळत नव्हती म्हणून असे झाले. तेही काही अंशी खरे असेल. परंतु माणसे न मिळणे निराळे आणि मिळालेल्या माणसांतून यंत्रज्ञ घडविणे निराळे.

येथून कथा पुन्हा पुण्यास येते. 1946 साली खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना निघाला. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, 1958 साली किर्लोस्कर न्यूमॅटिक, 1962 साली कोथरूडास किर्लोस्कर कमिन्स. त्याच 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्या दशकात पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या शेतांत धुराडी उभी राहिली. पेन्शनरांचे आणि पंतोजींचे पुणे पाहता पाहता कारखान्यांचे पुणे झाले. आता प्रश्न असा आला की यंत्रांपुढे उभा राहणार कोण?

या प्रश्नाचे उत्तर म्हणून ज्या संस्था वाढल्या त्यांस आपण इंग्रजी आद्याक्षरांनी 'आयटीआय' म्हणतो. केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना 1950 सालची. आपल्याकडे औंधची संस्था सर्वांच्या परिचयाची आहे. तेथे फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, वेल्डरचा एक वर्षाचा. नवख्या फिटरच्या हाती प्रथम मोठे यंत्र देत नाहीत. शेगड्यात लोखंडाचा एक तुकडा आवळून देतात आणि कानस हाती देतात. तुकड्याची बाजू सपाट करावयाची. मग त्यावर गुण्या ठेवून तो उजेडाकडे धरावयाचा. मधून उजेडाची रेघ दिसली तर पुन्हा घासावयाचे. मुलांचे हात भरून येतात, बोटांस फोड येतात. पण या परीक्षेत एक न्याय आहे: उजेड दिसला की मुलाला स्वतःलाच कळते, त्यास मास्तरांनी लाल रेघ मारावी लागत नाही. पाठांतर नसल्यामुळे वर्गात मागच्या बाकावर बसलेला मुलगा येथे प्रथमच आपली चूक आपल्या डोळ्यांनी पाहतो आणि ती आपल्या हातांनी दुरुस्त करतो.

प्रशिक्षणानंतर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये कारखान्यात उमेदवारी करता येते व तीत विद्यावेतन मिळते. येथे एक गोष्ट लपविता कामा नये. उमेदवारी संपली की कारखान्याने नोकरी दिलीच पाहिजे असे त्या कायद्यात बंधन नाही, आणि पुष्कळ मुले पुढे कंत्राटी कामावरच राहतात, ही वस्तुस्थिती आहे. तथापि हे दार पुढे बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यास तंत्रनिकेतनाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेशाची वाट आहे. आणि काही व्यवसायांस दहावी अनुत्तीर्ण मुलासही घेतात. आपल्यापैकी किती घरांत ही माहिती आहे?

मुलींविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. 1909 साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले. ज्यांची शाळा बालवयातील लग्नाने वा वैधव्याने तुटली होती, अशा स्त्रियांस तेथे शिवण व इतर कामे शिकविली जात, आणि पुढे ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणाची सोय त्यांच्यासाठी करण्यात आली. परक्या पुरुषांची सेवाशुश्रूषा कुलीन स्त्रीने कशी करावी, असे तेव्हा लोक विचारीत. आज त्याच घरांतील मुली परदेशी परिचारिका म्हणून जातात आणि त्यांचे सत्कार आपण करतो. लाज ही किती वर्षे टिकते याचा हा एक हिशेब समजावा.

पुणे जिल्ह्यातील एक अलीकडचा प्रयोग सांगितल्यावाचून हा विषय पुरा व्हावयाचा नाही. डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग हे अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानाची डॉक्टरेट मिळविलेले शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातील मानाची जागा सोडून ते 1983 साली शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम काढला. जे. पी. नाईक व चित्राताई नाईक यांच्या पुण्यातील भारतीय शिक्षण संस्थेचा त्यास आधार होता. आश्रमात विद्यार्थी म्हणून कोणास घ्यावयाचे? शाळा सोडलेल्यांस. एक वर्ष तेथेच राहावयाचे; लोहारकाम, जोडकाम, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन, आरोग्य हे सारे प्रत्यक्ष गावाची कामे करीत शिकावयाचे. काम आधी, आणि त्यातून प्रश्न उठला की मग त्यामागील शास्त्र, असा त्यांचा क्रम होता. मनुष्य मूळचा असाच शिकत आला, शाळेने तो क्रम उलटा केला, असे त्यांचे मत होते.

दहावीत विज्ञानात नापास झालेल्या मुलांनी पाबळास काय केले? जमिनीत विजेचा प्रवाह सोडून तिचा रोध मोजावयाचा आणि त्यावरून विहिरीस पाणी कोठे लागण्याचा संभव आहे हे शेतकऱ्यास सांगावयाचे, ही विद्या ते शिकले आणि गावोगाव जाऊन ती त्यांनी वापरली. त्रिकोणी चौकटी जोडून घुमटाकार घरे उभारण्याची विद्याही त्यांनी हस्तगत केली. या दोहोंस गणित लागते. तेच गणित, जे फळ्यावर असताना त्यांस येत नव्हते. आश्रमात जन्मलेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय पुढे महाराष्ट्रातील अनेक माध्यमिक शाळांत गेला. डॉ. कलबाग 2003 साली निवर्तले; आश्रम चालू आहे. पाबळ पुण्याहून फार दूर नाही. मंडळाची सहल दरवर्षी कोठे न्यावी यावर आपण बराच वेळ चर्चा करतो. एकदा तेथे न्यावी.

असो. यंदाच्या समारंभाच्या अर्जात 'व्यवसाय प्रशिक्षण' अशी पाचवी ओळ घालावी, असा ठराव प्रस्तुत लेखकाने कार्यकारिणीपुढे मांडला. एका ज्येष्ठ सभासदांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, पारितोषिक गुणवत्तेस असते, नाइलाजास नव्हे. त्यांच्या वयाचा मान राखून मी त्यांस लक्ष्मणरावांच्या डोळ्यांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "अहो, पण किर्लोस्कर किती झाले?" हा प्रश्न योग्य आहे. किर्लोस्कर एकच झाले. फळणीकर मात्र त्यांच्या वाडीत आणखीही असतील, ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. ठराव दोन मतांनी संमत झाला. अर्ज छापून आले आहेत. कसब्यातील त्या गृहस्थांकडे मी स्वतः एक प्रत देऊन आलो. धाकटा दुसऱ्या पाळीस गेला होता, त्यामुळे त्याची भेट झाली नाही. अर्ज भरून देण्याची मुदत या महिन्याच्या अखेरपर्यंत असून तो मंडळाच्या कार्यालयात सायंकाळी सहा ते आठ या वेळात स्वीकारला जाईल.